सात वर्षांच्या मुलाच्या नाताळभेटीवर किती खर्च करावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, घरात महिन्याला साधारण साठ हजार येतात, वर्गातल्या मित्राला मागच्या नाताळात सांताने टॅब दिला म्हणून आता यालाही टॅब हवाय, आणि दोन हजार की पंधरा हजार यावर तुम्हा दोघांचं जमत नाहीये.

आकडा आधी सांगते. तुमच्या जागी मी असते तर आईबाबांकडून दोन-अडीच हजारांची एक भेट आणि सांताकडून दोन-अडीचशेची एक, यापुढे गेले नसते. टॅब खरंच लागणार असेल तर जूनमध्ये शाळा सुरू होताना घ्या, तुमच्या नावाने घ्या. सांताच्या नावाने मात्र घेऊ नका. ही चूक मी केली आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहितेय.

आम्ही वसईचे, तिथल्या कुपारी या ख्रिस्ती समाजातले. माझ्या लहानपणी नाताळात भेट असा प्रकार घरात नव्हता. पप्पा दादरच्या बाजारात फुलं विकायला जायचे आणि डिसेंबरात एके दिवशी येताना एकाच ताग्यातलं कापड घेऊन यायचे. आम्हा चौघा भावंडांचे कपडे त्यातूनच शिवले जायचे, चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, आम्ही चौघं एकाच रंगात. शिवाय नेवऱ्या, कुलकुल असा फराळ आणि गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. गोठ्यातल्या शेतासाठी आजी आधीच ताटात नाचणी पेरून ठेवायची, तिला रोज पाणी घालायचं काम माझं. मला कधी काही कमी पडलंय असं वाटलं नाही. म्हणूनच बहुधा स्वतःची मुलं झाल्यावर वाटलं, त्यांना मात्र भरभरून द्यावं.

२०१८ साली नवऱ्याला बोनस मिळाला. थोरला तेव्हा सहा वर्षांचा. आत बसून चालवायची बॅटरीवरची गाडी आणली, सोळा हजारांची, क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत. 'नो-कॉस्ट' हप्ते होते, पण प्रक्रिया शुल्क लागलं आणि व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही कापला गेला, हे बिल आल्यावर कळलं. गाडीवर चिठ्ठी लावली, 'सांताकडून, शहाण्या मुलाला'. त्या सकाळचा त्याचा चेहरा मला आजही आठवतो, ते नाकारत नाही.

जूनमध्ये गाडीची बॅटरी गेली. पावसाळ्यानंतर नवऱ्याच्या कंपनीत पगार रखडायला लागले. २०१९च्या नाताळात सांताने सहाशे रुपयांची बॅट आणली, आणि त्याच महिन्यात त्या बंद पडलेल्या गाडीचा शेवटचा हप्ता गेला. पोराने बॅट उघडली, मग गोठ्याच्या मागे जाऊन अजून काही ठेवलंय का ते बघून आला. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मम्मी, मी या वर्षी वाईट वागलो का?"

सगळा डिसेंबर मीच त्याला ऐकवत होते ना, नीट वाग, सांता बघतोय. मग त्याने सरळ हिशेब केला, मागच्या वर्षी शहाणा होतो म्हणून गाडी, या वर्षी बॅट. घरात पगार नाही हे त्याला कुठून कळणार? त्याला कुशीत घेऊन मी बराच वेळ रडले.

दुसरी गोष्ट त्याहून नंतर कळली, आणि ती मला जास्त लागली. आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी याच्याच वर्गात होती. सांताने याला गाडी दिली आणि तिला कंपासपेटी, हे तिनेही ऐकलं होतं. तिनेही तोच हिशेब केला असणार. तुमच्या मुलाच्या मित्राला टॅब मिळाल्यावर तुमच्या घरात आज जे चाललंय, ते असंच सुरू झालंय. तुम्ही सांताच्या नावाने टॅब दिलात तर ते पुढच्या कुणाच्या तरी घरात जाईल.

ज्या संत निकोलसवरून सांताक्लॉज आला, ते चौथ्या शतकात मायरा इथे बिशप होते, आताच्या तुर्कस्तानात. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. त्यांची कथा तुम्ही ऐकली असेल. एका गरीब बापाला तीन मुलींची लग्नं करता येत नव्हती, तर यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या त्याच्या घरात टाकल्या, कुणी दिलं ते कळू नये म्हणून. त्या मुली शहाण्यासारख्या वागल्या म्हणून नव्हे, त्यांना गरज होती म्हणून. मी आता मुलांना ही कथा सांगते, आणि "सांता बघतोय" हे वाक्य आमच्या घरातून बंद केलंय.

आता तुमचा आकडा कसा ठरवायचा. या वर्षी किती परवडतं हे विचारू नका. सर्वांत ओढग्रस्तीच्या वर्षीसुद्धा किती देता येईल, ते विचारा. मुलं किंमत विसरतात, पण मागच्या वर्षीपेक्षा कमी झालं हे त्यांना बरोबर कळतं. आम्ही जानेवारी ते नोव्हेंबर दर महिन्याला पाचशे रुपये पत्र्याच्या डब्यात टाकतो. साडेपाच हजार होतात. दोन मुलांना आमच्याकडून दोन-दोन हजार, सांताकडून अडीचशे-अडीचशे, आणि उरलेले हजार चर्चमधल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल या गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेच्या लोकांकडे, दुसऱ्या कुणाच्या घरच्या नाताळासाठी. ते पाकीट मुलंच नेऊन देतात. बोनस आला तरी डब्यातली रक्कम वाढत नाही, तो पैसा बँकेत जातो. कपडे, फराळ, चांदणी, जेवण यांचा खर्च वेगळा. तो भेटींत मिसळलात तर काहीच हाताला लागत नाही.

टॅबबद्दल मुलाशी सरळ बोला. सात वर्षांच्या मुलाला हजारांचा हिशेब नाही कळला तरी "एवढ्यात काय बसतं ते आपण दोघं बघू" हे नक्की कळतं. मी धाकटीला याच वयात दोन हजार हातात देऊन दुकानात नेलं. पाऊण तास लावला तिने. शेवटी फुटबॉल, रंगपेटी आणि रात्री वाडीत फिरायला एक विजेरी घेतली, आणि ३४० रुपये उरले म्हणून घरभर सांगत सुटली. दुकानात असताना खोक्यावर आयएसआयचं चिन्ह बघा. २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ते सक्तीचं आहे, तरी डिसेंबरात रस्त्यावर बिनचिन्हाचा माल भरपूर येतो. आणि घरात लहान भावंड असेल तर बटणासारख्या चपट्या बॅटरीची खेळणी टाळाच. ती बॅटरी गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं.

नातेवाइकांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येतोच. आमच्याकडे आठ चुलत-आते भावंडं. एक काका कुवेतहून यायचे आणि त्यांच्या बॅगेपुढे बाकी सगळ्यांच्या भेटी फिक्या पडायच्या. आता नोव्हेंबरात चिठ्ठ्या टाकतो. प्रत्येक घराच्या वाट्याला एक-दोन मुलं, भेट पाचशेच्या आत. काकांना सुरुवातीला वाईट वाटलं. मग त्यांनी बॅगेऐवजी सगळ्या पोरांना एक दिवस अर्नाळ्याच्या समुद्रावर नेलं, आणि आता मुलं त्याच दिवसाची वाट बघतात.

तुम्ही सप्टेंबरात विचारलंत हे बरं झालं. महिन्याला हजार बाजूला ठेवलेत तर नोव्हेंबरअखेर तीन हजार होतील. त्यात दोन्ही भेटी बसतात आणि तीनेकशे रुपये उरतात. ते कुणाला द्यायचे हे मुलालाच ठरवू द्या. आमच्या डब्यात ऑगस्टपर्यंतचे चार हजार आहेत. थोरला आता त्या बॅटने खेळत नाही, ती त्याला लहान होते, पण धाकटीला हात लावू देत नाही.