कुलूप कोणासाठी?

प्रश्न : आमचा तिघांचा स्टुडिओ पीसी गेम काढतोय. पायरसी टाळायला गेम सतत इंटरनेटला जोडलेला ठेवावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नको. मार्च 2013 मध्ये 'सिमसिटी' हा गेम आला, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यालाही ईए या प्रकाशक कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागे. सर्व्हर कोलमडले आणि पूर्ण पैसे मोजलेली माणसं ताटकळत बसली. ऑफलाइन खेळायची सोय व्हायला वर्ष गेलं!

खरेदीची तपासणी पहिल्यांदा गेम उघडताना एकदाच करा. मग डिजिटल सही असलेली परवान्याची फाइल खेळाडूच्या मशिनवर ठेवा. पुढे कधी फेरतपासणी केलीत आणि पाच सेकंदांत सर्व्हरचं उत्तर आलं नाही, तर गेम चालू होऊ द्या. संशयाचा फायदा गिऱ्हाइकाला. तपासणीचा कोड दर फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) चालणाऱ्या भागात तर घालूच नका. 60 एफपीएसला, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम असताना, एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. त्यातले तीन-चार खाल्ले की साध्या लॅपटॉपवर खेळ अडखळतो.

चोरीच्या प्रतीत मुद्दाम दोष पेरायचा मोह होईल. तपासणी चुकली तर तोच दोष खऱ्या गिऱ्हाइकाला दिसतो आणि तो 'गेम बिघडलेला आहे' असा रिव्ह्यू लिहून जातो.

क्रॅक (तपासणी चुकवण्याची युक्ती) बाहेर आला की त्या दिवसापासून या तपासणीच्या कुलपाचा जाच फक्त विकत घेणाऱ्याला. म्हणून पुढच्याच पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) ते काढा. 'विचर 2' या गेममधून ते 2011 मध्ये प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत काढलं होतं.