आयसिंग मॉडेल घेतलंस तर

प्रोजेक्टला द्विमितीय आयसिंग मॉडेल (चौकोनी जाळीवर वर किंवा खाली तोंड असलेले छोटे चुंबक, म्हणजे स्पिन, मांडून चुंबकत्व समजून घ्यायचं मॉडेल) घेतलंस, फार चांगलं केलंस. लार्स ऑन्सागर या शास्त्रज्ञाने १९४४ मध्येच त्याचं अचूक उत्तर काढलंय, त्यामुळे कोड बरोबर आहे का हे नांदेडच्या होस्टेलवर बसूनही ठरवता येतं: शेजारच्या स्पिनमधल्या जोडाची ताकद (J) आणि बोल्ट्झमन स्थिरांक (k) हे दोन्ही १ धरले तर संक्रमण तापमान, म्हणजे जिथे चुंबकत्व नाहीसं होतं ते तापमान, २.२६९ च्या जवळ यायला हवं.

पण आधी २×२ ची जाळी घे. तिच्या अवस्था फक्त १६. प्रत्येक अवस्थेला बोल्ट्झमनचा भार (ऊर्जा जास्त तेवढं वजन कमी) लावून सरासरी ऊर्जा वहीत काढ नि कोडमधल्या मेट्रोपोलिस पद्धतीच्या (यादृच्छिकपणे एकेक स्पिन उलटवून बघायच्या) आकड्याशी ताडून बघ. हे जुळेपर्यंत मोठ्या जाळीला हात लावू नकोस, एवढं माझं ऐकच.

संक्रमणाजवळ जाळी फार सावकाश बदलते. तिथे कितीतरी पट जास्त फेरे (एक फेरा म्हणजे सगळ्या जाळीवरून एकदा फिरणं) दे. सुरुवातीचे फेरे सरासरीत धरू नकोस, तेव्हा जाळी स्थिरावलेली नसते. आणि लाईट कधीही जाते, म्हणून जाळी अधूनमधून फाईलमध्ये सेव्ह करत जा.