अंगठा कुठवर दाबल्यावर अडखळते?

प्रश्न : मी डेन्व्हरला राहतो. जुनी होंडा टीआरएक्स ४००ईएक्स क्वाड (चार जाड टायरची, अंगठ्याने थ्रॉटल दाबायची गाडी) घेतली आहे. आधीच्या मालकाने मोकळा सायलेन्सर लावून एअरबॉक्सचं (एअर फिल्टरच्या पेटीचं) झाकण काढलंय, कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) १६०चा आहे. घराजवळ झकास पळते. डोंगरात वर गेलं की फुल अंगठ्यावर घुसमटते, प्लग काळाकुट्ट होतो. निडल (कार्बोरेटरच्या स्लाइडला लटकलेली सुई) एक खाच खाली करू का?

उत्तर : निडलला हात लावू नका. अंगठा पाऊणच्या पुढे गेला की कारभार मेन जेटचा. पाव ते पाऊण निडलचा, त्याखाली स्लाइडच्या (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपेच्या) कापाचा आणि अगदी सुरुवातीला पायलटचा, म्हणजे स्लोच्या छोट्या जेटचा. या हद्दी थोड्या एकमेकांत घुसतात, पण भांडण कोणाच्या हद्दीत आहे ते आधी कळलं पाहिजे. थ्रॉटलच्या डबीवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवा, अंगठ्याच्या पात्याशेजारी मार्करने पाव, अर्धा, पाऊण अशा रेघा मारा आणि मग चालवा. माझ्याकडे गाडी आणणारे निम्मे लोक ‘पिकअप नाही’ एवढंच सांगतात. त्यावरून काय कपाळ कळणार? ‘अर्ध्यावर अडखळते’ म्हटलं की मी पाना शोधायला लागतो.

आता तुमचा हिशेब. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटरवर. तिथून ३,२०० मीटरवर चढलात की हवा अंदाजे १५ टक्के विरळ होते. पेट्रोल मात्र त्या मानाने घटत नाही, म्हणून मिश्रण ८ टक्क्यांच्या आसपास रिच (पेट्रोल जास्त) होतं. जेटमधून येणारं पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणजे व्यास साधारण ४ टक्केच कमी करायचा. १५५ घालून बघा, तरी जड वाटली तर १५२. खाली उतरल्यावर १६० परत घालायला विसरू नका. वर रिच चालली तर फार तर धूर काढेल. खाली लीन (पेट्रोल कमी) पळवलीत तर एअरकूल्ड इंजिन तापेल, आणि ते आधी सांगत नाही.

प्रश्न : कोकणात किनाऱ्यावर पर्यटकांसाठी दोन ११० सीसीच्या चायनीज क्वाड आहेत. पावसाळ्यानंतर एक बिघडली. अंगठा दाबला की आधी गुदमरते, सोडला की रेस खाली यायला वेळ लावते. फिटर म्हणतो, मेन जेट मोठा घाला.

उत्तर : फिटरला चहा पाजा आणि घरी पाठवा. तुमचं दुखणं सुरुवातीच्या पाव अंगठ्यात आहे, तिथे मेन जेटचा संबंध काय? रेस लोंबकळणं हे बहुतेक वेळा लीनचं लक्षण. (केबल ओढून बघा म्हणजे झालं. गंज धरून ती अडकत असली तर कार्बोरेटरची उगाच बदनामी.)

आधी हवा कुठून चोरून शिरतेय ते बघा. इंजिन स्लोवर ठेवून कार्बोरेटर आणि हेडमधल्या जोडावर, पॅकिंगवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. इंजिन गार असताना, सायलेन्सरपासून लांब. रेस बदलली की गळती तिथेच. जोड बिनगळती निघाला तर पायलट जेट. चार महिने पेट्रोल कार्बोरेटरच्या तळाशी फ्लोटच्या वाटीत पडून राहिलं, त्यातल्या इथेनॉलने ओल ओढली, आणि ते केसाएवढं भोक बुजलं. जेट काढून क्लीनर मारा, हवा मारा, उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. तार घालू नका. शिकाऊ असताना मी क्लचच्या केबलचा एक धागा फिरवून एक जेट ‘साफ’ केला होता. भोक लांबट झालं, आणि दोन दिवस मी स्क्रू फिरवत बसलो. शेवटी उस्तादांनी तो जेट उजेडासमोर धरून माझ्या हातात दिला. बोलले काहीच नाहीत.

पुढच्या पावसाळ्याआधी वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून ती कोरडी करा.

प्रश्न : केहिन कार्बोरेटरचा १५० जेट आणि मिकुनी कार्बोरेटरचा १५० एकच ना?

उत्तर : नाही. केहिनवरचा आकडा भोकाचा व्यास, १५० म्हणजे १.५० मिलिमीटर. मिकुनीच्या षट्कोनी जेटवरचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहतं त्याचा. अदलाबदल करू नका.

प्रश्न : कोल्हापूरहून. यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकला एक्स्पान्शन चेंबर (फुगीर पोटाचा रेसिंग सायलेन्सर) लावला. हायवेवर पिस्टन पकडला (तापून बोअरमध्ये अडकला). नवीन बोअर-पिस्टन टाकलाय. आता पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल दुप्पट घालू का?

उत्तर : ही गाडी क्वाड नाही, पण दुखणं तेच, आणि तुमच्या उपायाने ते वाढेल. जेटमधून जाणाऱ्या थेंबात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण आणखी लीन. त्यात आताचं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल). निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साधारण १३.५. जुन्या जेटवर तुमची गाडी आधीच उपाशी होती, चेंबरने वर आणखी हवा ओढली.

ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच ठेवा. मेन जेट मुद्दाम दोन-तीन नंबर मोठा घालून सुरुवात करा, इतका की फुल थ्रॉटलला गाडी ‘बर्र-बर्र’ करत मिसिंग देईल. तिथून एकेक नंबर खाली या. नव्या पिस्टनचं रनिंग संपल्यावर मोकळ्या रस्त्यावर नवा प्लग घालून फुल थ्रॉटल द्या, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा, आणि प्लग काढून चिनी मातीच्या तळाशी, आत खोल बघा. तिथे कॉफीच्या रंगाची कडी हवी. पांढराफटक दिसला तर घरी जाताना रेस वाढवू नका.