जंतू 'सरावत' नाहीत

परीक्षा जवळ आली की उत्क्रांतीवरचे तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून यावेळी एकत्र उत्तरं देते आहे.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?

माणूस आणि चिंपँझी यांचा पूर्वज एक होता. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वाटा फुटल्या. चिंपँझी आपले चुलतभाऊ आहेत, आजोबा नव्हेत.

प्रश्न : जाती लिहू की प्रजाती?

होमो ही प्रजाती, सेपियन्स ही जाती. बातम्यांत जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात. ते उत्तरपत्रिकेत उतरवू नका. तुमच्या पुस्तकात परिभाषा वेगळी असेल तर शिक्षकांना विचारून घ्या.

प्रश्न : विकतच्या 'हमखास यश' संचात 'बलवान तोच टिकतो' असं दिलंय. बरोबर ना?

चूक. उत्क्रांतीत बलवान नव्हे, 'योग्य' तो टिकतो; आणि ज्याची संतती पुढच्या पिढीत जास्त उतरते, तो योग्य. अशा संचांवर पैसे घालवण्याआधी ते शिक्षकांना दाखवत जा.

प्रश्न : जास्त जाती म्हणजे जास्त जैवविविधता, एवढं पुरेल?

नाही. दोन तळी घ्या. दोन्हींत चार जातींचे शंभर मासे. एकात प्रत्येकी २५, दुसऱ्यात एकाच जातीचे ९७ आणि बाकीच्यांचा एकेक. दोन्ही तळी सारखी म्हणाल का? शिवाय जातीच्या आतली जनुकीय विविधता आणि परिसंस्थांची विविधता राहिलीच.

प्रश्न : प्रतिजैविकं घेऊन घेऊन जंतू सरावतात. म्हणून बरं वाटताच गोळ्या थांबवाव्यात, असं ओळखीतले सांगतात. खरं का?

'सरावतात' या एका शब्दाने सगळा घोटाळा केला आहे. आपल्याला गार पाण्याची सवय होते, तशी एकेका जीवाणूला औषधाची होत नाही. कोट्यवधी जीवाणूंत एखादा औषध येण्याआधीच, उत्परिवर्तनामुळे (जनुकात आपोआप झालेल्या बदलामुळे), प्रतिरोधक असतो, म्हणजे औषधाला दाद देत नाही. औषध बाकीच्यांना मारतं, तो उरतो आणि मोकळ्या जागेत त्याचीच पिलावळ वाढते. बदलतो तो समूह. गरज पडली म्हणून उत्परिवर्तन होत नाही, हे वहीत ठळक लिहून ठेवा.

हे नुसतं अनुमान नाही. १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या शास्त्रज्ञांनी ठोकळ्यावर मखमल ताणली, जीवाणू वाढलेल्या बशीवर दाबली आणि तोच ठसा स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या बशांवर उमटवला. वसाहती उगवल्या त्या सगळीकडे त्याच जागांवर. मग मूळ बशीतल्या नेमक्या त्या जागेचे जीवाणू पुन्हापुन्हा वेगळे करत गेल्यावर प्रतिरोधक वाण हाती लागला. त्याला औषध कधी शिवलंही नव्हतं.

त्यात प्रतिरोधाची जनुकं प्लाझमिडवरून (जीवाणूतल्या डीएनएच्या छोट्या, सुट्या कड्यावरून) दुसऱ्या जीवाणूकडे जातात, अगदी वेगळ्या जातीच्यासुद्धा. अपुऱ्या मात्रेचा धोका पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. तरी अजून ऐकीव सल्ल्यावर गोळ्या चालू-बंद होतात, याचा मला मनापासून राग येतो. सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे प्रतिजैविकाचा उपयोगच नाही. गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. ओळखीतले नाहीत आणि दुकानदारही नाही. उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं, तेही डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : भावंडं वेगळी दिसतात ती उत्परिवर्तनामुळे?

मुख्यतः नाही. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या. युग्मकात (शुक्राणू किंवा अंडपेशीत) प्रत्येक जोडीतलं कोणतं जाणार हे स्वतंत्रपणे ठरतं. म्हणजे २ चा २३ वा घात : एकाच व्यक्तीची ८३,८८,६०८ प्रकारची युग्मकं. गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल यात धरलेलीच नाही.

प्रश्न : चार दिवसांत प्रकल्प द्यायचा आहे. घरी जीवाणू वाढवून मखमलीचा प्रयोग करू का?

अजिबात नाही. कोणते जंतू वाढतील ते घरी कळणार नाही. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेतच, आणि त्यासाठी महिनाभर आधी विचारायला हवं होतं. आता एकाच जातीच्या ५० रोपांची एकेक शेंग घ्या, दाणे मोजा, आलेख काढा. दाण्यांच्या संख्येतला फरक जनुकांमुळे किती आणि माती-पाण्यामुळे किती, हे एवढ्यावरून सांगता येणार नाही. निष्कर्ष लिहिण्याआधी शिक्षकांना आजच भेटा.