बालीत खिशाला कात्री कुठे लागते?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं आठ दिवस बालीला चाललोय. विमान-हॉटेलचे पैसे भरून झालेत. वरखर्च कितपत धरावा?

उत्तर : उतरताच व्हिसाचे माणशी ५ लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन, आपले रुपये नव्हेत), शिवाय फेब्रुवारी २०२४पासून बेटाचा पर्यटन कर दीड लाख. लाख ऐकून दचकू नका, तिथे शून्यंच फार! मेन्यूवर ‘५०के’ म्हणजे ५० हजार. पण किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं (++) दिसली की सावध व्हा: सेवाशुल्क आणि कर वेगळे, बिल १५ ते २१ टक्क्यांनी फुगतं. मी पहिल्याच रात्री फसले. दुसऱ्या दिवशी सरळ वारुंग गाठलं, म्हणजे साधी घरगुती खाणावळ. काचेमागच्या पदार्थांकडे बोट दाखवायचं, भाताभोवती वाढून मिळतं. शाकाहारी असाल तर सांबल घेण्याआधी विचारा, त्या ठेच्यात बरेचदा कोळंबीचं वाटण असतं.

नोटा बदलताना चढ्या दराच्या पाटीला भुलू नका. कुटा भागातल्या एका गल्लीत दुकानदाराने माझ्यासमोर नोटा मोजल्या, टेबलावर आपटून सारख्या केल्या, आणि तेवढ्यात चार गायब! शेवटची मोजणी आपली. त्यानंतर गठ्ठा परत त्याच्या हातात द्यायचा नाही.