वाचक विचारतात : पाणसुरुंग आणि पाण्याखालचे ड्रोन

पाणसुरुंग शोधून निकामी करणाऱ्या बिनमाणसी वाहनांवर मागच्या अंकात लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

ड्रोन सोडला, सुरुंगाला भिडवला, बटण दाबलं. मग एका बंदराची वाट मोकळी करायला आठवडेच्या आठवडे का लागतात? (जहाजावर नोकरी करणारे वाचक, रत्नागिरी)

बटण दाबणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम. त्याआधी समुद्रतळावरची प्रत्येक संशयास्पद वस्तू टिपायची, तिची वर्गवारी करायची, मग जवळ जाऊन ओळख पटवायची. वेळ जातो तो इथे.

हिशेबच मांडू. अमेरिकेतल्या वूड्स होल संस्थेत तयार झालेलं रेमस-100 हे वाहन घ्या. व्यास 19 सेंटिमीटर, लांबी दीड मीटरहून थोडी जास्त, वजन चाळीस किलोच्या आत. दोन माणसं ते रबरी होडीतून पाण्यात सोडतात. त्याच्या दोन्ही कुशींना साइड-स्कॅन सोनार, म्हणजे ध्वनी सोडून बाजूच्या तळाचं चित्र काढणारं यंत्र असतं. बारीक वस्तू दिसाव्यात म्हणून वारंवारता 900 किलोहर्ट्झच्या घरात ठेवली, तर एका बाजूला साधारण 30 मीटरपर्यंतच नीट दिसतं. वाहनाच्या थेट पोटाखालची पट्टी तर दिसतच नाही. म्हणून शेतात नांगर फिरवावा तशा रांगा मारायच्या आणि दोन रांगांत 25 मीटरच अंतर ठेवायचं. म्हणजे या रांगेची आंधळी पट्टी शेजारच्या रांगेतून दिसते.

वेग तीन नॉट, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. एक चौरस किलोमीटरला 40 रांगा, 40 किलोमीटर प्रवास, साडेसात तास. वळणं धरून आठ. एवढ्यात बॅटरी संपत येते. दहा किलोमीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद वाट म्हणजे तीन चौरस किलोमीटर, म्हणजे एका वाहनाच्या तीन पूर्ण खेपा. हे झालं फक्त चित्र काढणं. मग वाहन वर काढून नोंदी उतरवायच्या आणि माणसाने पडद्यासमोर बसून त्या बघायच्या. आठ तासांची नोंद नीट बघायला जवळपास तितकेच तास लागतात. त्यातून डझनांनी संशयित निघतात : दगड, पिंपं, टायर, तुटके नांगर. त्या प्रत्येकाकडे पुन्हा जावं लागतं.

शिवाय पाण्यात जीपीएस चालत नाही. तळावर ध्वनी सोडून वाहन स्वतःचा वेग मोजतं आणि त्यावरून जागेचा अंदाज बांधतं. कापलेल्या अंतराच्या अर्धा टक्का चूक धरली, तरी पाच किलोमीटरनंतर 25 मीटरचा फरक पडतो. म्हणून काही रांगांनंतर वर येऊन जीपीएसशी जागा जुळवून घ्यावी लागते. ते चुकवलं तर दुसऱ्या दिवशी निकामी करायला गेलेलं वाहन रिकाम्या वाळूवर घिरट्या घालत बसतं.

सोनारच्या चित्रात दगड कुठला आणि सुरुंग कुठला, हे कसं कळतं? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

वस्तूपेक्षा तिच्या सावलीवरून. वस्तूवर आपटून ध्वनी परततो तो चित्रात उजळ ठिपका. वस्तूच्या मागे ध्वनी पोहोचत नाही, तिथे काळी सावली. सरसकट गोलाई, सरळ कड किंवा नेमकी समांतर बाजू दिसली, की माणसाने घडवलेली वस्तू असण्याची शक्यता वाढते.

सावलीवरून उंचीही निघते. सावलीची लांबी गुणिले वाहनाची तळापासूनची उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. वाहन तळापासून चार मीटर वर आहे, सावली तीन मीटर लांब आहे आणि तिचं टोक 27 मीटरवर आहे असं धरा. तीन गुणिले चार, भागिले सत्तावीस : 0.44 मीटर. इटालियन बनावटीचा मांटा हा तळसुरुंग (समुद्रतळावर पडून राहणारा सुरुंग) बरोबर एवढाच उंच असतो, व्यास एक मीटरला थोडा कमी. वरून निमुळता, घमेलं पालथं घालावं तसा. म्हणून एवढ्या उंचीची गोल सावली दिसली, की बघणारा सावध होतो.

एका बाजूने काढलेल्या चित्रावर विसंबायचं नाही, हा यातला नियम. त्याच जागेवरून दोन-तीन वेगळ्या दिशांनी पुन्हा जायचं. दगडाची सावली दर खेपेला वेगळी पडते. गोल सुरुंगाची तशीच राहते.

निकामी करणारं वाहन सुरुंगाबरोबर फुटतं की परत येतं?

दोन्ही प्रकार आहेत. फ्रेंचांचं पीएपी-104 हे सत्तरच्या दशकातलं वाहन शंभर किलोंचा स्फोटक डबा सुरुंगाशेजारी ठेवून परत येतं. वाहन सुखरूप वर आलं की डब्याचा स्फोट करतात. वाहन वाचतं. पण ते जवळपास सातशे किलोंचं, क्रेनशिवाय हलत नाही.

जर्मन कंपनी अ‍ॅटलासचं सीफॉक्स उलट्या विचाराचं आहे. लांबी 1.3 मीटर, वजन 43 किलो, मागे चार मोटारी, जागच्या जागी वर-खाली होण्यासाठी पाचवी. पोटात दीड किलोही न भरणारा आकारित स्फोटक. त्याची ऊर्जा सगळीकडे न पसरता एका धारेत जाते, सुरुंगाचं कवच भेदते आणि आतल्या शेकडो किलो स्फोटकालाच पेटवते. वाहन तिथेच संपतं. ओळख पटवण्यासाठी आणि सरावासाठी बिनस्फोटकाची वेगळी आवृत्ती असते, ती मात्र पुन्हा पुन्हा वापरता येते.

आता काय बिघडतं ते. वाहन आणि जहाज यांना जोडणारी काचतंतूची तार केसासारखी बारीक असते आणि तिची रीळ वाहनातच असते. पतंगाचा मांजा फिरकीतून सुटावा तशी ती सुटत जाते, वाहन तिला ओढत नाही. म्हणून पाण्याचा विरोध जवळपास शून्य. पण मोकळी पडलेली तार खडकात, टाकून दिलेल्या जाळ्यात किंवा स्वतःच्याच जहाजाच्या पंख्यात अडकून तुटते. तार तुटली की चित्र गेलं आणि हुकूमही गेला. त्यामुळे जहाज एका जागी धरून ठेवणं हे चालकाच्या हाताइतकंच महत्त्वाचं. बॅटरी दीड तासाच्या आसपास पुरते. समोरून दोन नॉटचा प्रवाह असेल तर त्यातला मोठा भाग नुसतं पोहोचण्यातच खर्च होतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे स्फोटकाची धार तिरकी लागणं. कवच फाटतं, आतला स्फोटक मसाला तसाच राहतो. म्हणून स्फोटानंतर दुसरं वाहन पाठवून जागा तपासल्याशिवाय नकाशावरची खूण पुसत नाहीत.

वाहन जवळ गेल्याने सुरुंग आधीच फुटत नाही का?

फुटू शकतो, पण सहसा नाही. तळसुरुंग जहाजाच्या पोलादाचं चुंबकत्व, यंत्रांचा आवाज आणि जहाज वरून जाताना तळाशी घटणारा पाण्याचा दाब यांची वाट बघत असतो. चाळीस किलोंच्या, लोखंड कमीत कमी ठेवलेल्या, विजेवर चालणाऱ्या वाहनातून यातलं काहीच पुरेसं निघत नाही.

मग जहाजाचं सोंग आणून सगळे सुरुंग एकदम फोडता येत नाहीत?

येतात. चुंबकीय केबल आणि आवाजाचं यंत्र ओढत नेणं ही जुनीच पद्धत आहे, आता त्यासाठी बिनमाणसी होड्याही आहेत. अडचण सुरुंगातल्या मोजणीची. पहिली पाच जहाजं सोडून सहाव्याला फुटायचं, असं त्यात बसवता येतं. मग चार वेळा ओढून काही झालं नाही म्हणजे वाट साफ, असं म्हणता येत नाही. दाबावर चालणाऱ्या सुरुंगाला फसवणं तर फारच कठीण, कारण त्यासाठी खरोखर जहाजाएवढं पाणी हलवावं लागतं.

आखाती युद्धातलं 18 फेब्रुवारी 1991 चं उदाहरण बोलकं आहे. इराकने कुवेतजवळ हजाराहून जास्त सुरुंग पेरले होते. त्या दिवशी पहाटे अमेरिकेची युद्धनौका ट्रिपोली एका साध्या नांगरलेल्या (तळाशी साखळीने बांधलेल्या) सुरुंगावर आदळली. सुरुंग काढणाऱ्या हेलिकॉप्टरांचा तळ याच जहाजावर होता. काही तासांनी प्रिन्सटन ही दुसरी युद्धनौका मांटाच्या तावडीत सापडली.

नांगरलेल्या सुरुंगाची साखळी कापून तो वर आणणं सोपं नाही का? (निवृत्त शिक्षक, सावंतवाडी)

कापणं सोपं, पुढचं अवघड. वर आलेला गोळा लाटांवर नाचतो. बंदुकीने मारला तर बऱ्याचदा नुसती भोकं पडून बुडतो आणि सुरुंग तळाला गेल्यावर पुन्हा शोधा. 1907 च्या हेग कराराप्रमाणे दोर तुटताच तो निरुपद्रवी व्हायला हवा, पण गंजलेल्या खटक्याला करार माहीत नसतो. मार्च 2022 मध्ये काळ्या समुद्रातून वाहत आलेले सुरुंग तुर्कस्तानातल्या बॉस्फरस सामुद्रधुनीजवळ सापडले होते. म्हणून आता शक्यतो सुरुंग दोराला असतानाच, जागच्या जागी फोडतात.

हे सगळं आपल्या किनाऱ्यावर चालेल का? (अलिबाग, मुंबई आणि वेंगुर्ल्याहून आलेली पत्रं)

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीतली निळीशार चित्रं भूमध्य समुद्रातली असतात. मुंबई बंदरात कॅमेऱ्यापुढे बहुतेक दिवस गढूळ पडदा असतो. म्हणजे ओळख पटवायचं कामही उच्च वारंवारतेच्या सोनारवरच करावं लागतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरचा, त्यामुळे ओढ जबर. तीन नॉटने चालणारं वाहन अशा पाण्यात पुढे सरकत नाही किंवा रांग सोडून तिरकं जातं. काम भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत ठेवायचं आणि त्यातही पाणी फिरण्याच्या आगेमागेचा वेळ साधायचा.

पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी खाऱ्यावर थर धरतं. दोन थरांच्या सीमेवर ध्वनी वाकतो, आणि जहाजाच्या तळाला बसवलेल्या सोनारला समोरचं दिसेनासं होतं. इथे पाण्याखालचं वाहन उपयोगी पडतं. ते थराच्या खाली जाऊन बघतं.

सगळ्यात मोठी डोकेदुखी गाळाची. जड तळसुरुंग मऊ चिखलात हळूहळू रुततो आणि 900 किलोहर्ट्झचा ध्वनी चिखलात शिरत नाही. त्यासाठी कमी वारंवारतेचा सोनार लागतो. अमेरिकेचं नाइफफिश हे ब्लूफिन-21 वर बेतलेलं वाहन त्यासाठीच बनवलं. कमी वारंवारता म्हणजे चित्र जाडंभरडं, पण पुरलेलं दिसतं. आणि डोल जाळ्यांचे खुंट, दोर, तुटकी जाळी यांचा बंदोबस्त आधी कोळी बांधवांना विचारूनच करावा. कुठे काय रोवलंय हे होडीच्या तांडेलाइतकं कुठल्याच नकाशाला ठाऊक नसतं.

हा धोका आपल्याकडे नवा नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या वोल्फ या जहाजाने 1917 च्या फेब्रुवारीत मुंबईबाहेर सुरुंग पेरले. पी अँड ओ कंपनीची मंगोलिया त्यातल्या एकावर बुडाली ती जूनमध्ये. पेरणारा केव्हाच निघून गेला होता.

भारतीय नौदलाकडे आज काय आहे?

सुरुंगविरोधी जहाजांपैकी कारवार आणि काकीनाडा 2017 मध्ये मुंबईत निवृत्त झाली, शेवटचं कोझिकोड 2019 मध्ये. गोवा शिपयार्डमध्ये बारा नवी जहाजं बांधायची योजना होती, ती 2018 मध्ये बारगळली. जुलै 2025 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा जहाजांना पुन्हा तत्त्वतः मंजुरी दिली. दरम्यान विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या नौदलासाठी संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेने सुरुंगशोधासाठी हातात उचलून नेता येणारी वाहनं तयार केली आहेत. सुरुंगांच्या बाजूनेही काम चालू आहे. मे 2025 मध्ये चाचणी झालेल्या बहुप्रभावी (एकाहून जास्त खुणांवर फुटणाऱ्या) तळसुरुंगात पुण्याच्या एचईएमआरएल या स्फोटकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचा वाटा आहे. आमच्या मते जहाजं येईपर्यंत थांबायचं कारण नाही. साध्या नौकेवर कंटेनर ठेवून लहान वाहनं चालवता येतात, ब्रिटनने 2022 मध्ये युक्रेनला तशी सहा देऊ केली होती. खरी टंचाई सावल्या वाचणाऱ्या तयार डोळ्यांची असते.

स्फोटाने मासे, डॉल्फिन मरत नाहीत का?

मरतात. ऑगस्ट 2019 मध्ये बाल्टिकमधल्या फेमार्नबेल्टमध्ये दुसऱ्या महायुद्धातले 42 ब्रिटिश सुरुंग फोडले. त्यानंतर मेलेल्या पॉरपॉइजच्या (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) शवविच्छेदनात स्फोटाच्या जखमा सापडल्या. युद्ध नसताना वेळ हाताशी असतो, तेव्हा हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडणं किंवा मसाला न फोडता नुसता जाळून टाकणं हे उपाय करता येतात.

जाळ्यात असं काही आलं तर? (मच्छीमार सोसायटीचे सचिव, हर्णै)

वस्तू अजून पाण्यात असेल तर जाळं ओढू नका. हळूच ढिलं सोडा, दोराला बोया बांधून जाळं कापा, जीपीएसवर जागा टिपा आणि दूर व्हा. मग वायरलेसवर 16 नंबर किंवा फोनवर तटरक्षक दलाचा 1554. जाळ्याचे पैसे नंतर बघता येतील.

डेकवर आल्यावरच लक्षात आलं तर शिंपले खरवडू नका, हातोडी लावू नका. हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बांधा, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवा, खलाशांना दुसऱ्या टोकाला पाठवा. वर ओलं गोणपाट टाका आणि त्यावर पाणी मारत राहा. कवच गंजून मसाला उघडा पडलेला असेल, तर तो वाळल्यावर धक्क्याला जास्त नाजूक होतो.