व्याह्यांच्या गावात भातशेती घेऊ का?

प्रश्न : नमस्कार काका, मी इंदूरला सुदामानगरात राहतो, बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. मुलगा जकार्ताला नोकरीला आहे, मागच्या वर्षी तिथल्याच मुलीशी लग्न केलं, सून गोड आहे, तिचं माहेर मध्य जावात क्लातेन जिल्ह्यात देलांग्गूजवळच्या एका खेड्यात. लग्नाला गेलो तेव्हा गाव बघून आम्ही दोघं अगदी वेडे झालो, हिरवंगार, मागे डोंगर, पाटाला बारा महिने पाणी. आता व्याही म्हणताहेत की त्यांच्या शेताला लागून एक 'बाउ' जमीन विकायला निघालीय, आपल्यातच राहील, घेऊन टाका. सांवेरकडची आमची दोन बिघे विकल्याचे चाळीसेक लाख एफडीत पडून आहेत. मुलगा म्हणतो पप्पा तुम्ही फक्त पैसे ट्रान्सफर करा, बाकी सगळं इकडे होतं. घ्यावी का? कोणाच्या नावावर? की बटाईने दिली तर काही सुटेल?

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, कारण ते 'मागे डोंगर' म्हणताय ना, तो मेरापी आहे, जिवंत ज्वालामुखी, २०१० साली असा काही फुटला होता की आसपासची गावंच्या गावं रिकामी करावी लागली. पण त्याच राखेमुळे ती माती इतकी सकस आहे, देलांग्गूचा 'रोजोलेले' तांदूळ सगळ्या जावात नावाजलेला आहे, त्यामुळे व्याह्यांनी दाखवलेली जमीन वाईट असेल असं अजिबात म्हणत नाही. प्रश्न जमिनीचा नाहीच, प्रश्न नावाचा आहे.

इंडोनेशियात जमिनीचा मूळ कायदा १९६० सालचा. त्याप्रमाणे पूर्ण मालकी, ज्याला तिथे 'हाक मिलिक' म्हणतात, ती फक्त त्या देशाच्या नागरिकाला. तुम्हाला नाही, तुमच्या मुलालाही नाही, कितीही वर्षं नोकरी करू दे. आणि परदेशी माणसाकडे मालकी जाईल असा व्यवहार केला, सरळ केला काय नि आडून केला काय, तर तो व्यवहारच रद्द आणि जमीन सरकारजमा, भरलेले पैसे परत मिळत नाहीत असं कायद्यात सरळ लिहिलंय. म्हणून कोणी 'आमच्या माणसाच्या नावावर घ्या, बाजूला एक गुपचूप कागद करू' म्हणालं तर तिथूनच नमस्कार करून उठायचं.

मग सुनेच्या नावावर? तुम्हाला वाटलं असेल की हा तर सोपा रस्ता. थांबा. लग्नाआधी दोघांची मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेला नसेल तर नवराबायकोची लग्नानंतरची कमाई तिथे दोघांची धरतात, म्हणजे सुनेने घेतलेल्या जमिनीत निम्मा परदेशी नवरा आलाच, आणि रजिस्ट्री करणारा अधिकारी हेच आधी विचारतो. एका इंडोनेशियन बाईंनी, त्यांचा नवरा जपानी, यावरून घटना न्यायालयात धाव घेतली आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल लागला की असा करार लग्नानंतरही करता येतो. तेव्हा मुलाला विचारा, 'पेर्जांजियान काविन', म्हणजे हा करार, केलाय का? नसेल तर नोटरीकडे जाऊन आता करता येईल. हे न करता जमिनीचं बोलणं म्हणजे बी नसताना नांगरट.

आणि खरी अडचण तर पुढेच आहे, जी मुलाला बहुतेक माहीत नाही, कारण शहरातल्या लोकांना ती नसतेच माहीत. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात, म्हणजे 'कचामातान'मध्ये, राहणारा पाहिजे, फार तर शेजारच्या, १९६१ च्या नियमाप्रमाणे. जकार्तात बसून क्लातेनचं भातखाचर घेणं इंडोनेशियन माणसालासुद्धा मना आहे. सुनेचं ओळखपत्र जकार्ताचं असेल तर ते शेत ती घेऊच शकत नाही. लोक काय करतात, गावच्या भावाच्या ओळखपत्रावर घेतात, आणि मग दहा वर्षांनी भावाच्या पोरांना ते शेत आपलंच वाटायला लागतं. आपल्याकडे सांवेर-देपालपूरला काय वेगळं होतं, सांगा बरं.

म्हणजे उरले व्याही. त्यांनी स्वतःच्या नावावर घ्यावी, रीतसर, आणि तुम्ही दिलेले पैसे हे तुम्ही मनातून सुनेला दिलेले समजा. परत मागायची वेळ आली तर कोर्टात उभं राहील असं तुमच्या हातात काही नसेल आणि तसा कागद करायला जाल तर वर सांगितलेल्या भानगडीत अडकाल. चाळीस लाख अशा रीतीने देण्याची तयारी आहे का हे वहिनींना विचारा, मला नको.

आता हिशेब, कारण तुम्ही बँकवाले. 'बाउ' म्हणजे साधारण ७,१०० चौरस मीटर, पावणेदोन एकर. जावात भात हेक्टरी पाच-सहा टन येतो, तर एका बाउत चार टनांच्या आत-बाहेर धरा. सरकारने २०२५ पासून खरेदीचा भाव किलोला ६,५०० रुपिया ठेवलाय. म्हणजे एका हंगामाला अडीच कोटी रुपिया, ऐकायला केवढं वाटतं, पण आपल्या एका रुपयाचे १८०-१९० रुपिया येतात, तर झाले सव्वा-दीड लाख, तेही खर्च जायच्या आधी. बटाईला तिथे 'मारो' म्हणतात, निम्मंनिम्मं, आणि तिसरा हिस्सा असेल तर 'मर्तेलू'. मारोने दिलं तर मालकाला हंगामाचे साठ-सत्तर हजार, त्यातून खताचा वाटा, पाटकऱ्याचं देणं (त्याला 'उलू-उलू' म्हणतात, नाव मला फार आवडतं), शिवाय उंदीर. उंदरांचं हसण्यावारी नेऊ नका, एका रात्रीत खाचराचा मधला भाग कापून नेतात, बाहेरून पीक उभं दिसतं आणि आत टक्कल. काही गावांत त्यासाठी खांबांवर घुबडांची घरं बांधलीयत. वर्षाला दोन पिकं नक्की, पाणी असेल तर तिसरंही, तरी एफडीच्या व्याजाशी तुलना केलीत तर तुम्हीच मला फोन करून हसाल. कारण जमीन महाग आहे हो. मध्य प्रदेशाच्या निम्म्याहूनही लहान बेट आणि त्यावर पंधरा कोटी माणसं, कित्येक शेतकऱ्यांकडे अर्धा हेक्टरही नाही, तिथे जमीन पिकाच्या भावाने विकली जात नाही, इभ्रतीच्या भावाने विकली जाते.

कागद बघायला सांगा हे तर आलंच. 'सर्टिफिकात हाक मिलिक' आहे का ते बघायचं. गिरिक, लेटर-सी असले जुने कागद दाखवले तर ती सारा भरल्याची नोंद आहे, मालकी नाही, आपल्या पटवाऱ्याच्या वहीसारखं. आणि 'बेंगकोक' जमीन आहे का तेही विचारा, ती गावच्या पदाधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली असते, विकता येत नाही, खंडाने घेतली तरी मुखियाची मुदत संपली की प्रश्न. भातखाचरात घर बांधून 'होम स्टे' काढू असं मुलाच्या डोक्यात असेल तर २००९ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या भातजमिनीवर बांधकाम चालत नाही, हे आत्ताच सांगून ठेवा.

मी काय करीन सांगू? विकत घेणार नाही. व्याह्यांना त्यांच्या नावाने तेच शेत एक वर्ष खंडाने घ्यायला सांगीन, मुलाच्या तिथल्या पगारातून, म्हणजे इंदूरहून पैसे पाठवायचाच प्रश्न नाही. तुम्ही इथून पाठवलेत तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत चालतं, पण दहा लाखांच्या वर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, म्हणजे एकट्याने चाळीस पाठवले तर सहा लाख आधी अडकले, रिटर्न भरल्यावर ते सुटतात पण तोवर अडकले ना. एक वर्ष दोन्ही हंगाम बघा, कोण पेरतं, कोण विकतं, हिशेब कोण सांगतं.

विकण्याची गंमत बघण्यासारखी असते. मी पश्चिम जावात पुर्वाकार्ताजवळ एका कापड गिरणीत तेरा वर्षं मेंटेनन्सला होतो (इंदूरच्या मिला बंद पडल्या, वडील घरी बसले आणि मी दुसऱ्या देशाच्या मिलमध्ये जाऊन नोकरी केली, असो), तर आमच्या ड्रायव्हरच्या गावी एकदा कापणीच्या आधी गेलो होतो. व्यापारी स्कूटरवर आला, चपला बांधावर काढल्या, एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, दोन दाणे दाताखाली फोडले, बांधावरून एक चक्कर मारली आणि उभ्या पिकाचा एक आकडा बोलला. वजनकाटा नाही, पोतं नाही. घरधनी, म्हणजे ड्रायव्हरचा भाऊ, म्हणाला 'इंग्गिह', म्हणजे हो. मला वाटलं सौदा झाला. झाकण घातलेल्या ग्लासातून अतिगोड चहा आला, पाऊण तास पावसावर बोलणं झालं, तो माणूस गेला, आणि मग ड्रायव्हर म्हणाला की भावाने नाही म्हटलंय. ते 'हो' म्हणजे 'ऐकलं' होतं. तिकडे तोंडावर नाही कोणी म्हणत नाही, 'बेलुम' म्हणतात, म्हणजे 'अजून नाही'. तेव्हा व्याही 'घेऊन टाका' म्हणाले ते आग्रहाने म्हणाले की तुमचा उत्साह बघून, हे सुनेला एकटीला विचारून घ्या, ती खरं सांगेल.

माझे स्वतःचे पैसे कसे गेले तेही सांगतो, नाहीतर म्हणाल काका नुसतं शहाणपण शिकवतात. तिकडे 'पोरांग' नावाचा एक कंद आहे, जपान-चीनकडे जातो, २०२०च्या सुमाराला त्याची अशी हवा झाली की जो तो लावत सुटला. मी ड्रायव्हरच्या भावाला बियाण्याला पैसे दिले, निम्मं तुझं निम्मं माझं. कंद पोसायला दोन-तीन वर्षं लागतात. तोपर्यंत सगळ्यांनीच लावलेलं, भाव असा आपटला की काढणीची मजुरी निघेना. भावाने मला एक पोतं भेट म्हणून पाठवलं, तेही नीट धुऊन शिजवलं नाही की घशाला खाज सुटते, सुरणासारखी. त्याच्यावर राग नाही, त्याचंही तेवढंच गेलं.

प्रश्न : काका, वरच्या पत्रातली 'वहिनी' मीच. यांना जमिनीचं पडलंय, मला राहण्याचं. आम्ही पूर्ण शाकाहारी, भाषा येत नाही, सहा महिने तिथे जमेल का?

उत्तर : ताई, तुमचंच पत्र महत्त्वाचं. विमानतळावर मिळणारा व्हिसा पाच लाख रुपियांचा, तीस दिवसांचा, एकदा आणखी तीस दिवस वाढतो, म्हणजे दोन महिने. सहा महिन्यांसाठी वेगळा व्हिसा आधीच काढावा लागेल, ते मुलाला करू दे. पण पहिल्यांदा दोनच महिने जा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जा, धो धो पाऊस, ओले कपडे, बेडकांचा कल्ला, तेव्हा आवडलं तर खरं आवडलं.

गल्लीच्या तोंडाशी पाटी दिसेल, पाहुण्याने चोवीस तासांत कळवावं अशी. तिथे दर पाच-पन्नास घरांमागे एक 'एर्ते' असतो, वॉर्डातला कारभारी म्हणा, त्याच्याकडे पासपोर्टची कॉपी घेऊन पहिल्याच दिवशी जायचं, सोबत सराफ्यातली सेव नेलीत तर आयुष्यभर नाव काढेल.

खाण्याचं म्हणाल तर तेम्पे आणि ताहू, सोयाबीनचंच सगळं, आपण माळव्यात पिकवतो आणि तेल काढून पेंड करतो, ते लोक रोज ताटात खातात. फक्त चटणीला जपा, 'सांबाल'मध्ये 'तेरासी' असते, सुक्या कोळंबीची, आणि 'भाजीच आहे' म्हणून वाढणाऱ्याला ती मांसाहारात धरायचं सुचतही नाही. 'तानपा तेरासी' हे दोन शब्द पाठ करा. बाकी भाषा अर्धी येतेच तुम्हाला : नवरा 'सुआमी', बायको 'इस्त्री', जमीन 'बूमी', गाव 'देसा', आणि किंमत 'हार्गा', आपल्या अर्घातून आलेला.

आणि दुपारी बायका जमतात त्याला 'आरिसान' म्हणतात, ती भिशीच आहे हो ताई, अगदी चिठ्ठी काढण्यासकट. सुनेच्या आईबरोबर एक हप्ता लावून टाका. गावात कोण कोणाचं काय देणं लागतं आणि ती शेजारची जमीन नेमकी का विकायला निघालीय, हे यांना कुठल्या कागदावरून कळायच्या आधी तुम्हाला तिथे कळेल.

प्रश्न : विजयनगरच्या एका हॉटेलात सेमिनार होता, बालीत भातशेतात व्हिला, दरवर्षी अठरा टक्के गॅरंटीड. पंचवीस वर्षांची लीज. बुकिंग अमाउंट रविवारच्या आत. काय करू?

उत्तर : रविवार जाऊ द्या. लीज संपल्यावर तुमच्याकडे काय उरतं, तिथे बांधकामाला परवानगी आहे का, आणि मूळ मालकाचं सर्टिफिकेट कुठे आहे, हे तीन प्रश्न त्यांना लिहून पाठवा आणि लेखी उत्तर मागा. बालीची भातखाचरं 'सुबाक'च्या पाण्यावर आहेत, देवळापासून पाट वाटून घ्यायची शेकडो वर्षांची पद्धत, युनेस्कोने २०१२ मध्ये वारसा यादीत घेतली. त्या खाचरातच व्हिला बांधायचा आणि वर 'भातशेतीचा व्ह्यू' विकायचा, मग पुढचा माणूस तुमच्या व्ह्यूत व्हिला बांधणार नाही याची गॅरंटी अठरा टक्क्यांत धरलीय का, हेही विचारा.